संगणकावरून गाणी ऐकताना खरखर आणि घुमणारा खर्ज: साउंड कार्ड घ्यावं का?

जवारी:
जुना संगणक आता फक्त गाणी आणि चित्रपटांसाठी ठेवलाय. मागच्या हिरव्या जॅकमधून ॲम्प्लिफायरला वायर, तिथून दोन बुकशेल्फ स्पीकर. गाणं थांबलं की बारीक खरखर येते, आणि माउस हलवला की तिचा सूर बदलतो. शिवाय ॲम्प चालू असेपर्यंत एक संथ गुणगुण कायम. तिसरं म्हणजे डग्गा नुसता घुमतो, त्यात तानपुरा बुडून जातो. चांगलं साउंड कार्ड घेतलं तर हे सगळं जाईल का?

मंद्रसप्तक:
सगळं नाही जाणार. तिन्हींची मुळं वेगळी आहेत, म्हणून खरेदीआधी थोडं शोधकाम करा.

खरखर संगणकाच्या पोटातली आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड वीज खेचतात तेव्हाचे चढउतार मदरबोर्डवरच्या ॲनालॉग भागात झिरपतात. माउस हलला की काम बदलतं, म्हणून सूरही बदलतो. सेटिंगमध्ये माइक आणि लाइन-इन म्यूट करून बघा, कधीकधी तेवढ्यानंही फरक पडतो. नाहीतर डिजिटलचं ॲनालॉग करण्याचं काम संगणकाबाहेरच्या डॅककडे, म्हणजे त्याच कामाच्या वेगळ्या उपकरणाकडे, द्यायचं.

गुणगुण बहुधा ग्राउंड लूपची. संगणक आणि ॲम्प दोघांनाही आपापलं अर्थिंग, आणि ऑडिओ वायरच्या जाळीनं ती दोन्ही जोडली जातात. त्या वेढ्यातून विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा आवाज येतो. खात्री करायची तर चार्जर काढलेला लॅपटॉप त्याच वायरला लावा. गुणगुण गेली तर कारण हेच. आधी दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगतात. ते कधीही करू नका, जिवावर बेतू शकतं.

आता डग्गा. माझ्या मते खरा प्रश्न हाच, आणि तो कोणत्याही कार्डानं सुटत नाही, कारण तो खोलीचा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल तर ५० हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच गाऊ लागते. कुठे तो स्वर दुप्पट फुगतो, कुठे नाहीसाच होतो. स्पीकर कोपऱ्यात असतील तर बाहेर काढा, मागच्या भिंतीपासूनही सरकवा. तुमची खुर्ची भिंतीला टेकलेली नको. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा, ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. एकच ओळखीची बंदिश लावून थोडं थोडं सरकवत ऐका. तानपुरा स्पीकरमधून सुटून मधल्या मोकळ्या जागेत उभा राहिला की थांबा. यासाठी एक अख्खी दुपार द्यावी, इतका फरक पडतो.

चित्रपटवेडा:
माझी भर चित्रपटांपुरती. संवाद दबलेले वाटत असतील तर प्लेअरमध्ये आउटपुट ५.१ (सहा चॅनेलचं) ठेवलंय का ते बघा. संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. स्पीकर दोनच असतील तर सेटिंग स्टिरिओच हवं, म्हणजे मधलं चॅनेल दोन्हींकडे वाटलं जातं.

जवारी:
लॅपटॉप बॅटरीवर लावला, गुणगुण गायब! एकाच बोर्डवर घेतल्यावर कमी झाली, पूर्ण गेली नाही. स्पीकर कोपऱ्यातून काढले आणि डग्ग्याची मींड पहिल्यांदा नीट ऐकली. तरी एका ठरावीक स्वराला थोडा फुगवटा आहेच. डॅक युएसबीचा घेऊ की ऑप्टिकल? संगणकाला ऑप्टिकल आउट आहे, ॲम्पला मात्र ऑप्टिकल इनपुट नाही.

मंद्रसप्तक:
तुमच्यासाठी ऑप्टिकल. ॲम्पला ऑप्टिकल इनपुट लागत नाही, डॅक मधे बसतो आणि ॲम्पला साधीच वायर जाते. युएसबीच्या वायरीतही ग्राउंडची तार असते, म्हणजे वेढा तसाच राहू शकतो. ऑप्टिकलमधून फक्त प्रकाश जातो, धातूचा संबंधच तुटतो. स्टिरिओसाठी ती पुरून उरते. स्वच्छ १६ बिटचा साधा डॅकही चालेल, सीडीसुद्धा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचीच असते. मोठ्या आकड्यांच्या मागे लागू नका.

विंडोजमध्ये सगळी ‘एन्हान्समेंट्स’ (आवाजावर होणारे जादा परिणाम) बंद करा. चित्रपटांचा ऑडिओ बहुतेक ४८ किलोहर्ट्झचा असतो, म्हणून गाण्यांच्या प्लेअरला वासापी एक्स्क्लुझिव्ह मोड (यात प्लेअर विंडोजचा मिक्सर टाळून आवाज थेट पाठवतो) द्या, म्हणजे वाटेत गाण्याचा ४४.१ चा दर बदलला जाणार नाही.

उरलेल्या फुगवट्यासाठी मोजणीचा माइक मिळाला तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ या प्रोग्रॅमनं तो नेमका कुठे आहे ते पाहा आणि ‘इक्वलायझर एपीओ’मध्ये तेवढाच कापा. दोन्ही फुकट मिळतात. मात्र एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये किंवा ‘एन्हान्समेंट्स’ बंद असताना एपीओ लागू होत नाही, म्हणून तो वापरायचा तर वरच्या त्या दोन सेटिंग सोडा. जिथे आवाज खोलीनं गिळलाय तिथे मात्र वाढवायला जाऊ नका, ॲम्पवर ताण येतो आणि हाती काही लागत नाही.

आणि डॅकला वीज वेगळ्या ॲडॉप्टरवरून द्या. संगणकाच्या युएसबीतून दिलीत तर तोडलेला वेढा पुन्हा जोडला जाईल.