८०२८६ वरचा ‘ब्रेन-डेड’चा शिक्का आता पुसायला हवा

सोल्डरगन

बिल गेट्स यांनी इंटेलच्या ८०२८६ म्हणजेच २८६ या प्रोसेसरला ‘ब्रेन-डेड’ म्हटलं आणि तो शिक्का त्या चिपच्या कपाळावर आजतागायत आहे. ज्यांनी २८६ कधी हाताळला नाही तेही तेच म्हणतात. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

आधी तारखा बघा. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ चा, २८६ बाजारात आला १ फेब्रुवारी १९८२ ला. मध्ये जेमतेम सहा महिने. चिपचा आराखडा त्याच्या कितीतरी आधी पक्का झालेला असतो. म्हणजे २८६ आखणाऱ्यांसमोर डॉस ही पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती, लोटस हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम नव्हता, टेबलाटेबलावर पीसी नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर होती टेलिफोन एक्स्चेंज, कारखान्यातली नियंत्रणयंत्रणा, एकाच मशीनवर अनेक माणसं बसतात अशी ऑफिसं. अशा ठिकाणी एकाचा प्रोग्रॅम कोसळला तर शेजारच्याचं काम बुडता कामा नये. २८६ ने नेमकं तेच दिलं. चार पातळ्यांचं संरक्षण, मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे सेगमेंटला, आखलेली हद्द, आणि हद्द ओलांडली की अडवणारी खुद्द चिप. आधीच्या ८०८६ चिपची मेमरीतली धाव १ एमबीपर्यंत होती, याची १६ एमबीपर्यंत. हे सगळं १,३४,००० ट्रान्झिस्टरांत बसवलं.

वेगाचं तर बोलायलाच नको. १६ बिटांच्या साध्या गुणाकाराला ८०८६ चे ११८ ते १३३ क्लॉक, म्हणजे चिपच्या घड्याळाचे ठोके, जायचे, २८६ ला २१ पुरायचे. पत्ता काढायचं काम वेगळ्या सर्किटकडे दिलेलं, त्यामुळे मेमरीला हात लावणारी प्रत्येक सूचना हलकी झाली. आयबीएमच्या जुन्या एक्सटीवरून २८६ च्या एटीवर बसलेल्या कुणालाही विचारा.

एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे या संरक्षणाच्या पद्धतीत, गेलं की रिअल मोडमध्ये, म्हणजे ८०८६ सारखं चालायच्या पद्धतीत, परतायची सूचनाच नव्हती, हे कबूल. पण नव्या घरात सामान लावून झाल्यावर रोज रात्री झोपायला जुन्या घरी कोण जातं? डॉस रिअल मोडमध्येच चालायचं म्हणून तसं जावं लागलं, हा दोष डॉसचा आहे, चिपचा नाही.

---

कऱ्हाकाठ

नव्या घराची उपमा छान आहे, पण जुन्या घरात सगळी भांडीकुंडी होती, त्याचं काय? ८०८६ वर चालणारं सॉफ्टवेअर १९७८ पासून लिहिलं जात होतं. इंटेलने २८६ मध्ये रिअल मोड ठेवला तोच मुळी जुनं चालावं म्हणून. मग नवं आणि जुनं शेजारीशेजारी चालवायची वेळ कधीच येणार नाही, असं धरून चालणं हीच चूक.

परतायला काय करावं लागायचं ते नीट सांगतो, कारण लोक नुसतं ‘रिसेट’ म्हणून पुढे जातात. एटीच्या घड्याळाला बॅटरीवर चालणारी छोटी मेमरी असते. तिच्यात आधी एक खुणेचा आकडा लिहायचा, म्हणजे ‘मी मुद्दाम मरतोय, परत उठव’. मग कीबोर्डच्या कंट्रोलरला, हो, कीबोर्डच्याच, निरोप धाडायचा की प्रोसेसरची रिसेटची तार ओढ. प्रोसेसर शून्यापासून उठणार, बायॉस हा बोर्डावरचा पहिला प्रोग्रॅम ती खूण बघणार, मेमरी तपासणं टाळणार आणि ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारणार. एवढा सोहळा एका मोडमधून दुसऱ्या मोडमध्ये यायला! आणि तोवर इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे बघ’ अशी बाहेरून येणारी हाक, बंद.

आता साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. काट्यावरून सिरियल पोर्टने ९६०० बॉडने आकडे येतायत, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक अक्षर. पोर्टवरच्या जुन्या ८२५० चिपमध्ये एकच अक्षर मावतं. त्याच वेळी प्रोग्रॅमने १ एमबीच्या वरच्या रॅमडिस्कला, म्हणजे डिस्क म्हणून वापरलेल्या मेमरीला, हात लावला. बायॉस प्रोटेक्टेड मोडमध्ये गेला, डेटा उचलला, रिसेट होऊन परत आला. तेवढ्यात एक अक्षर गळलं आणि १२४८० किलोचा ट्रॅक्टर १२८० किलोचा झाला. आयबीएमच्या व्हीडिस्क या रॅमडिस्क प्रोग्रॅमला एका वेळी किती सेक्टर (डेटाचे तुकडे) हलवायचे, १ ते ८, हे सांगायचा स्विच होता तो याच कारणासाठी.

ज्या चिपवर असं करावं लागतं तिच्या आराखड्यात खोट आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

---

बोरीबंदर

कऱ्हाकाठ, तुम्ही म्हणता ते सगळं डॉसखाली खरं आहे. मी ज्या ऑफिसात नोकरीला लागले तिथे एका एटीवर झेनिक्स ही अनेकांनी एकदम वापरायची ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि तिला चार टर्मिनल जोडलेली. हिरव्या अक्षरांची, नुसता पडदा आणि कीबोर्ड. सकाळी साडेनऊला मी ती एटी चालू करायचे आणि संध्याकाळपर्यंत चौघं जण एकाच वेळी व्हाउचर भरत असायचो. एकीचा प्रोग्रॅम अडकला तर तिच्यापुरता अडकायचा. बाकी तिघींना पत्ताही लागायचा नाही. रिअल मोडमध्ये परत येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मशीन एकदा झेनिक्समध्ये शिरलं की दिवसभर तिथेच.

नोव्हेलचं नेटवेअर २८६ हे मशीनं जोडायचं सॉफ्टवेअर आठवतंय का कुणाला? त्याचा सर्व्हर प्रोटेक्टेड मोडमध्ये चालायचा. कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये डिस्क नसलेली मशीनं त्याला जोडून मुलं फॉक्सप्रो हा डेटाबेस प्रोग्रॅम शिकली. जिथे पाटी कोरी होती तिथे या चिपने आखल्याप्रमाणे काम केलं. सोल्डरगन यांचं म्हणणं मला म्हणून पटतं.

---

आठवा बिट

ताई, पाटी कोरी असतानाही २८६ अडायचा. मी डॉसचा विषय बाजूलाच ठेवतो. निव्वळ प्रोटेक्टेड मोडमध्ये सी भाषेतला प्रोग्रॅम लिहायचा म्हणा. एक सेगमेंट जास्तीत जास्त ६४ केबीचा. १०० केबीची एक सारणी हवी असली की ती दोन तुकड्यांत कापायची. रिअल मोडमध्ये निदान सेगमेंटच्या आकड्यात बेरीज करून पुढच्या तुकड्यावर जाता यायचं. प्रोटेक्टेड मोडमध्ये तो आकडा म्हणजे पत्ता नाही, सूचीतला क्रमांक. त्याचे खालचे तीन बिट वेगळ्याच कामाला. जुन्या सवयीने बेरीज केली की चिप अडवणार.

शिवाय प्रत्येक वेळी सेगमेंट बदलला की चिप सूचीत जाऊन हद्द आणि हक्क तपासणार. एलडीएस ही सेगमेंट बदलणारी एकच सूचना घ्या. रिअल मोडमध्ये ७ क्लॉक, प्रोटेक्टेडमध्ये २१. मोठ्या डेटावर काम करणारा प्रोग्रॅम पावलापावलाला हा टोल भरत जातो. म्हणजे ज्या मोडसाठी चिप बांधली त्याच मोडमध्ये ती धीमी.

त्याच काळातला मोटोरोलाचा ६८००० बघा. १९७९ चा, म्हणजे तीन वर्षं आधीचा. ३२ बिटी रजिस्टर, सलग १६ एमबी, सेगमेंटची भानगडच नाही. मॅकिंटॉश, अमिगा, अटारी एसटी सगळे त्यावर उभे राहिले. पुढे काय लागणार आहे हे मोटोरोलाला दिसलं, तर इंटेलला का दिसू नये?

---

सोल्डरगन

६८००० मला फार आवडतो, त्याच्या सूचना वाचताना आजही आनंद होतो. पण तुलना पुरी करा. ६८००० मध्ये मेमरीचं संरक्षण चिपवर नव्हतंच, ते बाहेरून लावावं लागे. आणि एखादी सूचना अर्ध्यात मेमरी नाही म्हणून थांबली, तर तीच सूचना पुन्हा नीट चालवता येईल याची हमी मूळ ६८००० मध्ये नव्हती. डिस्कचा भाग मेमरीसारखा वापरायच्या आभासी मेमरीसाठी तीच गोष्ट लागते. ती दुरुस्त झाली ६८०१० मध्ये. २८६ मध्ये पहिल्या दिवसापासून होती.

६४ केबीचं दुखणं मान्य. मात्र प्रोग्रॅम सेगमेंटच्या हिशेबाने लिहिला तर हद्दीची तपासणी फुकट मिळते. सारणीच्या बाहेर एक बाइट जरी लिहिला तरी चिप हात धरते. सलग मेमरीवाल्या जगाने ही तपासणी सोडून दिली आणि तिची किंमत आपण अजून मोजतोय.

---

निळी शाई

इतका वेळ फक्त चिपबद्दल बोलणं चाललंय, बाजाराबद्दल कुणी बोललं नाही. ‘ब्रेन-डेड’ हा शब्द टिकला त्यामागे धंद्याचाही हात आहे.

२८६ बनवायचा परवाना इंटेलने एएमडी, हॅरिस, सीमेन्स अशा कंपन्यांना दिलेला होता. त्यामुळे भावात चढाओढ लागली. एएमडी आणि हॅरिसने त्याचा वेग इतका वाढवला की २० आणि २५ मेगाहर्ट्झचे २८६ बाजारात आले, आणि १६ बिटी डॉस प्रोग्रॅमांवर ते १६ मेगाहर्ट्झच्या ३८६ एसएक्सला, म्हणजे इंटेलच्या पुढच्या ३८६ चिपच्या स्वस्त आवृत्तीला, सहज मागे टाकायचे. इंटेलला हे परवडणारं नव्हतं, कारण ३८६ तिने दुसऱ्या कुणाला बनवू दिला नव्हता. मग १९८९ मध्ये जाहिराती आल्या. मोठा ‘२८६’ आणि त्यावर लाल रंगाची फुली. स्वतःच्याच चिपवर! ३८६ एसएक्स खपवायची ती मोहीम होती. लोकांच्या मनातून २८६ उतरला त्यात या फुलीचा वाटा मोठा.

तरीही खप बघा. बाजारात आल्यापासून सहा वर्षांत जगभर २८६ चे सुमारे दीड कोटी पीसी बसले होते असा अंदाज आहे. एटीचे १६ बिटी स्लॉट पुढे आयएसए म्हणून वर्षानुवर्षं टिकले. ग्राहकाने या चिपला नाकारलं असं म्हणताच येत नाही.

---

कऱ्हाकाठ

निळी शाई, दीड कोटींचा आकडा माझ्याच बाजूचा आहे. त्या दीड कोटींतल्या बहुसंख्य मशीनांनी आयुष्यभर काय केलं? डॉस. आपल्याकडचंच घ्या. वर्डस्टार, लोटस, डीबेस, आणि मराठी हवं असेल तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड घालून डॉसच्याच पडद्यावर देवनागरी. सगळं रिअल मोडमध्ये. १६ एमबीची चिप डॉसच्या ६४० केबीच्या खोलीत राहिली. लोकांनी वेगवान ८०८६ विकत घेतला, २८६ नव्हे.

आणि गेट्स उगाच चिडले नव्हते. एटीच्या ग्राहकांना शब्द दिलाय म्हणून आयबीएमने ओएस/२ हे मायक्रोसॉफ्टबरोबर केलेलं ऑपरेटिंग सिस्टिमचं सॉफ्टवेअर २८६ वर चाललं पाहिजे असा आग्रह धरला. १९८७ च्या डिसेंबरात ते आलं तेव्हा त्यात डॉसचा प्रोग्रॅम एकच चालायचा, आणि तो पडद्यावरून मागे गेला की थिजून जायचा. त्याला लोक ‘पेनल्टी बॉक्स’ म्हणायचे. परत यायचा रस्ता जलद करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने काय शोधलं? चिपला अशा चुकीत ढकलायचं की तिला ती सावरताच येऊ नये. मग ती आपोआप बंद पडते आणि बोर्ड तिला उठवतो. लाखो माणसांच्या टेबलावरचं मशीन सेकंदाला कितीतरी वेळा मुद्दाम पाडायचं, हा रोजचा मार्ग! तोवर ३८६ बाजारात होता, कॉम्पॅकने १९८६ मध्येच त्याचा पीसी काढला होता. त्यात व्हर्च्युअल ८०८६ मोड होता, अनेक डॉस एकाच वेळी चालवता येत. दुखणं काय होतं हे इंटेलने स्वतःच असं दाखवून दिलं.

---

सोल्डरगन

ओएस/२ बद्दल तुमचा एक शब्दही खोडणार नाही. तिथे २८६ चा हट्ट धरणं चूकच होती, पण ती १९८७ ची, आयबीएमची.

एक गोष्ट मात्र तुमच्या हिशेबात आली नाही. १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच डेव्हिड वाइज आणि मरे सार्जंट यांनी विंडोज प्रोटेक्टेड मोडमध्ये चालवून दाखवलं. त्यातून मे १९९० मध्ये विंडोज ३.० आलं, आणि त्याचा स्टँडर्ड मोड २८६ वर चालायचा. १ एमबीच्या वरची मेमरी प्रोग्रॅमांना सरळ मिळायची. ज्या चिपला गेट्स ब्रेन-डेड म्हणाले तिच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये त्यांचंच विंडोज चाललं. पुढे विंडोज ३.१ ने तर रिअल मोडच काढून टाकला आणि किमान २८६ मागितला.

---

आठवा बिट

स्टँडर्ड मोडमध्ये डॉसचा प्रोग्रॅम उघडला की पूर्ण पडदा त्याचा आणि बाकी विंडोज थांबलेलं. खिडकीत डॉस चालवायचा तर ३८६ च हवा. मी तरी माझ्या मतावर ठाम आहे.

बोरीबंदर ताई, त्या झेनिक्सच्या एटीत मेमरी किती होती? चौघं जण दिवसभर बसायचात म्हणजे सेगमेंट डिस्कवर जात-येत असणार. संध्याकाळी मशीन संथ व्हायचं का?

---

बोरीबंदर

२ एमबी होती. महिनाअखेरीला चौघी एकदम रिपोर्ट काढायला बसलो की हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला असायचा आणि अक्षरं एकेक करून उमटायची. मग आम्ही पाळी लावली होती, एकीचा रिपोर्ट झाला की दुसरीने सुरू करायचा. बाकी दिवसांत संथ झाल्याचं आठवत नाही. मशीन बंद पडलं म्हणून भरलेलं व्हाउचर पुन्हा भरावं लागलंय, असं मात्र तीन वर्षांत एकदाही झालं नाही.