मदत हवी आहे: डोळ्याला फरक दिसतोय, आकड्यात येत नाहीये!!

खानापूरकन्या: हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी) अलेक्सा ४८८ या हिरव्या चमकणाऱ्या रंगानं रंगवल्यात. मायक्रोस्कोपच्या आयपीसमधून बघितलं की औषध दिलेल्या पेशी कंट्रोलपेक्षा (औषध न दिलेल्या) सरळ जास्त चमकतात. पण इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उजेडाचा मीन (सरासरी) काढला तर दोन्हीकडं जवळजवळ तेवढाच. ४० पेशींना हातानं गोल काढून बोटं दुखायला लागली. सोमवारी सरांना ग्राफ द्यायचाय. कुठली स्टॅटिस्टिक्सची टेस्ट लावली की फरक दिसेल?

निपाणीचा_बायोटेक: हातानं कशाला? सेलपोज टाका, पेशी आपोआप शोधतंय. माझी आख्खी थिसिस त्यावर निघाली.

जुना_लॅबवाला: टेस्टचं राहू दे. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा उजेड घेतो तो वेळ, किती होतं?

खानापूरकन्या: फोटो क्लिअर आलेत.

जुना_लॅबवाला: ते विचारलं नाही. एक्स्पोजर?

खानापूरकन्या: ते सॉफ्टवेअर आपोआप घेतंय ना. जेपीईजी आहेत. बेळगावात दुसऱ्यांच्या लॅबमध्ये जाऊन काढले, तासाला पैसे, म्हणून घाईत.

जुना_लॅबवाला: मग तुमचा फरक सॉफ्टवेअरनंच खाल्ला की! ऑटोवर उजेड जास्त दिसला की कॅमेरा वेळ कमी करतो, कमी दिसला की वाढवतो. दोन्ही फोटो सारखे उजळ यावेत हेच त्याचं काम. एका ठळक पेशीवर गोल काढून कीबोर्डवर एच दाबा. हिस्टोग्रामच्या (किती पिक्सेल किती उजळ, त्याचा आलेख) उजव्या टोकाला २५५ वर, म्हणजे जेपीईजीच्या कमाल आकड्यावर, भिंत उभी आहे का बघा.

शहापूरवाला: एवढं कशाला? एक्स्पोजरची नोंद असेल तर आकड्याला त्या मिलिसेकंदांनी भागा. परत पैसे का घालायचे?

जुना_लॅबवाला: २५५ ला टेकलेला पिक्सेल खरा ३०० होता का ९००, कोण सांगणार? १२ बिट टिफ (० ते ४०९५ आकड्यांची फाइल) असती तर तळाचा अंधार (उजेड नसतानाही कॅमेरा देतो तो आकडा) वजा करून भागाकार चालला असता, तोही वर काही टेकलं नसेल तरच. जेपीईजीवर नाही.

कुंदाप्रेमी: फोटोशॉपमध्ये लेव्हल्स ओढा, दोन्ही मस्त वेगळे दिसतात.

शहापूरवाला: दादा, अशानंच पेपर मागं घ्यावे लागतात.

कुंदाप्रेमी: मी फक्त दिसण्याबद्दल बोललो. खानापुरात कुठं राहता? आमची आत्या तिकडंच दिलीय.

खानापूरकन्या: एच दाबलं. भिंतच आहे. 😭 स्लाइड फ्रिजमध्ये आहेत, फॉइलमध्ये गुंडाळून.

जुना_लॅबवाला: मग रडताय कशाला? सगळ्यात चमकणारी स्लाइड आधी लावा. १२ बिटमध्ये ४०९५ च्या बरंच खाली राहील असं एक्स्पोजर ठरवा, तेच सगळ्यांना ठेवा, टिफमध्ये सेव्ह करा. मागं जिथं फोटो काढले ती जागा सोडा, तिथला रंग विझला असणार. पहिली अँटिबॉडी न घालता नुसत्या दुसऱ्या, रंग जोडलेल्या अँटिबॉडीची स्लाइड केलीय ना? आणि ४० पेशी एकाच स्लाइडच्या का?

खानापूरकन्या: ती नाही केली. हो, एकाच.

जुना_लॅबवाला: मग एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) ४० नाही, १. प्रयोग अजून दोनदा तरी करा, त्यात ती स्लाइडही घाला. टेस्टचं मग बघू. सोमवारी सरांना ग्राफ नाही, हा हिस्टोग्राम दाखवा.

खानापूरकन्या: सर ओरडणार. उद्याच जाते, पण तिकडं दुपारनंतर करंट नाही म्हणून मेसेज आलाय.

जुना_लॅबवाला: सकाळची पहिली बस धरा. दिवा मर्क्युरीचा असेल तर लावून अर्धा तास तापू द्या. मध्येच करंट गेला तर लगेच परत लावू नका, पूर्ण थंड होऊ दे. दिवा उडाला तर ते तुम्हालाच धरतील.

निपाणीचा_बायोटेक: सेलपोजची लिंक देऊ का?