एकाच हातबॉम्बने दोघे जखमी झालो. त्याला शत्रूच्या हातून जखमी झालेल्यांचे पराक्रम पदक मिळाले, मला नाही. आता अर्ज कसा करावा?

निवृत्त नाईक, सातारा जिल्हा

जय हिंद. मी पायदळात १७ वर्षे सेवा करून २००३ साली निवृत्त झालो. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये कुपवाडा जिल्ह्यात एका गावाला घेराव घालून झडती चालू असताना अतिरेक्यांनी घरातून हातबॉम्ब फेकला. त्याचे तुकडे माझ्या डाव्या मांडीत आणि शेजारच्या शिपायाच्या पोटात घुसले. त्याला हेलिकॉप्टरने श्रीनगरला हलवले. मला चालता येत होते आणि कंपनीत माणसे कमी होती, म्हणून आरएपीतल्या (पलटणीच्या प्रथमोपचार केंद्रातल्या) डॉक्टरांनी वरवरचे दोन तुकडे काढून पट्टी बांधली आणि मी पोस्टवरच राहिलो. नवव्या दिवशी जखमेत पू होऊन ताप चढला, तेव्हा मला लष्करी रुग्णालयात दाखल केले. तेथील कागदावर 'मांडीच्या जखमेत जंतुसंसर्ग, आत धातूचा तुकडा' एवढेच लिहिले गेले. तो तुकडा कोठून आला, हे कोणी लिहिले नाही आणि मीही त्या वेळी विचारले नाही. माझी नोंद पुढे फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत न झालेली इजा, अशीच राहिली.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने २० टक्के अपंगत्व दिले, त्याची पेन्शनही मिळते, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. गेल्या हिवाळ्यात माजी सैनिकांच्या मेळाव्यात तोच शिपाई भेटला. त्याच्या छातीवर पराक्रम पदक होते. त्याने सहज विचारले, "नाईकसाहेब, तुमचे पदक घरी राहिले का?" त्याला काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही. त्यानंतर मी एक पानाचा अर्ज केला. 'उपलब्ध नोंदीनुसार आपण पात्र नाही' असे दोन ओळींचे उत्तर आले. इतक्या वर्षांनी नोंद बदलून घेता येते का, आणि त्यासाठी कोणते कागद लागतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त सुभेदार (क्लार्क)

नाईकसाहेब, जय हिंद. तुम्हाला आलेले उत्तर वाचून वाईट वाटले, परंतु आयुष्यभर हेच कागद हाताळल्यामुळे ते तसे का आले असावे, हे मला समजते. हे पदक १९७३ साली 'वूंड मेडल' म्हणून सुरू झाले आणि आज ते पराक्रम पदक म्हणून ओळखले जाते. त्याची मुख्य अट एकच आहे, ती म्हणजे जखम शत्रूच्या थेट कारवाईत झालेली असली पाहिजे. शत्रू म्हणजे केवळ परदेशी सैन्य नव्हे. अतिरेक्यांविरुद्धच्या मोहिमाही त्यात येतात. तुमची जखम या अटीत पूर्णपणे बसते. अडचण कागदाची आहे, कारण जखम आणि हातबॉम्ब यांना जोडणारी ओळ तुमच्या कागदपत्रांत कोठेच नाही आणि मध्ये नऊ दिवसांचे अंतर पडले आहे. तुमच्या साथीदाराला हेलिकॉप्टरने नेले, म्हणून त्याचा बॅटल कॅज्युअल्टी सिग्नल, म्हणजे लढाईत जखमी झाल्याचा संदेश, त्याच दिवशी गेला असणार. तुम्ही पोस्टवर थांबलात, म्हणून तुमचा गेला नाही. कर्तव्य म्हणून मागे थांबलेल्या माणसाचेच नुकसान होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्यामुळे पुन्हा पदकासाठी अर्ज करू नका. आधी कॅज्युअल्टीची नोंद फिजिकलवरून बॅटल अशी दुरुस्त करण्याची मागणी करा. पदकाचा विचार तिच्यानंतरच होईल. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून स्वतःच्या सेवा-अभिलेखाच्या प्रती मागवा. त्यांत आयएएफवाय-२००६ हा इजा अहवाल, रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप, पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या सेवेतील घटनांची नोंद करणारा आदेश) आणि निवृत्तीच्या वेळचा एएफएमएसएफ-१६ हा मेडिकल बोर्डाचा अहवाल नावानिशी मागा. 'माझे सर्व कागद द्या' असे लिहिल्यास उत्तर मोघम येते. सर्वांत महत्त्वाचा पुरावा तुमच्या साथीदाराकडे आहे. त्याच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये घटनेची तारीख, ठिकाण आणि कारण लिहिलेले असणार. त्याची प्रत घ्या, आणि तुम्ही दोघे एकाच स्फोटात जखमी झालात, असे त्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. तेव्हाचे कंपनी कमांडर किंवा आरएपीचे डॉक्टर सापडले, तर त्यांचे पत्र या सगळ्यापेक्षा वजनदार ठरेल.

माजी सॅपर (लष्करी इंजिनिअर दलाचा जवान), सोलापूर

सुभेदारसाहेबांनी थेट कारवाईची जी अट सांगितली, ती मी स्वतः अनुभवली आहे, म्हणून लिहितो. २००२ साली ऑपरेशन पराक्रम या सीमेवरील मोठ्या तैनातीच्या वेळी राजस्थानात सुरुंग पेरताना झालेल्या स्फोटात माझा उजवा पाय घोट्यावरून गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात मला पाय बसवला. माझी नोंद बॅटल कॅज्युअल्टी आहे आणि वॉर इंज्युरी पेन्शनही (युद्धातील इजेची पेन्शन) मिळते, कारण सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेली इजा त्या पेन्शनच्या ई श्रेणीत येते. तरीही पराक्रम पदक मला मिळाले नाही, कारण तो सुरुंग आपलाच होता. माझ्याजवळ ऑपरेशन पराक्रम पदक आहे, पण ते त्या तैनातीचे आहे, जखमेचे नाही. नावातील साम्यामुळे गावातील लोक दोन्ही एकच समजतात, आणि प्रत्येक वेळी समजावून सांगणे मला जड जाते. नाईकसाहेब, तुमच्या बाबतीत बॉम्ब समोरून आला होता. अर्जाच्या पहिल्याच वाक्यात तो कोणी फेकला ते लिहा, जखमेचे वर्णन नंतर करा.

वकील, मुंबई

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र दोन गोष्टी जोडतो. पहिली मुदतीची आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यानुसार आधी खात्यातील उपाय पूर्ण करावे लागतात आणि अंतिम आदेशानंतर साधारणतः सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, परंतु कारण पटवून द्यावे लागते. म्हणून आलेले दोन ओळींचे उत्तर आणि त्याचे पाकीट जपून ठेवा, आणि नवे निवेदन पुराव्यांसह लवकर पाठवून त्यावर सकारण आदेश मागा. न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतही आहे.

दुसरी गोष्ट पेन्शनची आहे. तुमची तक्रार नाही, हे मी समजतो, पण अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत आलेले अपंगत्वही त्याच ई श्रेणीत येते, त्यामुळे नोंद दुरुस्त झाली तर तुम्ही वॉर इंज्युरीचा लाभ मागू शकता. शिवाय ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याचा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली राम अवतार प्रकरणात स्पष्ट केले आहे. तो तुम्हाला मिळतो का, हे पेन्शन आदेशात पाहा. उशिरा केलेल्या मागणीत थकबाकी बहुधा मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. तरीही पदक आणि पेन्शन एकाच अर्जात मिसळू नका, नाहीतर पैशाचा मुद्दा तपासण्यात पदकाचा मुद्दा बाजूला पडेल.

निवृत्त नाईक, सातारा जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. साथीदाराशी फोनवर बोललो. तो प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे आणि आपल्या ऑर्डरची प्रत पाठवणार आहे. काल पत्नीने जुनी ट्रंक उघडली, तेव्हा मी पोस्टवरून तिला लिहिलेले एक पत्र सापडले. रुग्णालयात जाण्याच्या चार दिवस आधीची तारीख त्यावर आहे, आणि 'पायाला बॉम्बचा छर्रा लागला आहे, काळजी करू नये, आईला सांगू नये' असे त्यात लिहिले आहे. फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्काही वाचता येतो. असे घरगुती पत्र पुरावा म्हणून चालेल का?

निवृत्त सुभेदार (क्लार्क)

अवश्य जोडा. तुमच्या कागदपत्रांत नऊ दिवसांची जी पोकळी आहे, तिच्या मधोमध ही तारीख पडते आणि कारणही त्याच वेळी लिहिलेले आहे. मूळ पत्र कोणालाही देऊ नका. शिक्का स्पष्ट दिसेल अशी दोन्ही बाजूंची साक्षांकित प्रत जोडा, आणि निवेदन पोस्टाने पाठवल्यास पोचपावतीसह पाठवा. मसुदा तयार झाला की येथे टाका, पाठवण्यापूर्वी मी तो वाचून देईन.