मदत हवी आहे: लठ्ठ उंदराला जागा आठवत नाही, की त्याला नीट पोहता येत नाही?

रानजाई

नमस्कार. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, दुसरं वर्ष. सेमिनारसाठी प्राण्यांमधला लठ्ठपणा, वर्तन, स्मरणशक्ती आणि ताणाची संप्रेरकं हा विषय मी स्वतः मागून घेतला, कारण तो मनापासून आवडतो. पेपर वाचून झालेत, पण त्यांची सांगड घालताना अडले आहे. इथे उंदरांवर प्रत्यक्ष काम केलेली मंडळी आहेत, म्हणून विचारते.

मला समजलंय ते असं. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९४९ साली प्रचंड लठ्ठ होणारे उंदीर जन्मले, ते ओबी (‘ओबीज’वरून). १९६६ मध्ये तिथल्याच डीबी (‘डायबिटीस’वरून) म्हणजे लठ्ठ, मधुमेही उंदरांची माहिती प्रसिद्ध झाली. डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रिया करून दोन-दोन उंदरांची रक्ताभिसरणं जोडली. ओबी निरोगी उंदराला जोडला की त्याचं खाणं आटोक्यात यायचं. डीबी जोडला की मात्र निरोगी जोडीदार खाणंच सोडून मरायचा. म्हणजे ओबीत ‘पोट भरलं’ सांगणारा रेणू नाही आणि डीबीत तो रेणू भरपूर असूनही ऐकणारं कोणी नाही. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो रेणू शोधला, लेप्टिन.

आता अडचण. डीबी उंदीर आणि झुकर रॅट (जन्मतः लठ्ठ होणारी मोठ्या उंदरांची एक जात), दोघांतही लेप्टिनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश ऐकणारा रेणू, बिघडलेला असतो. दोघेही मॉरिसच्या वॉटर मेझमध्ये, म्हणजे पाण्याच्या हौदात जागा लक्षात ठेवायच्या चाचणीत, मागे पडतात आणि डीबीच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांचं ताणाचं संप्रेरक, वाढलेलं असतं. त्यावरून काही ठिकाणी सरळ लिहिलंय की लठ्ठपणामुळे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि त्याने स्मरणशक्ती बिघडते. मला ही साखळी पटत नाही. इतक्या जड प्राण्याला पाण्यात सोडून ‘उशिरा पोचला’ म्हणजे ‘विसरला’ असं कसं म्हणायचं? आणि चरबी, मधुमेह, लेप्टिन, संप्रेरक यांतलं नेमकं दोषी कोण, हे वेगळं काढणारा प्रयोग कुणी केला आहे का?

सह्यकडा

रानजाई, प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी बरीच वर्षं प्राणिगृहात काम केलं आहे, त्यामुळे आधी हौदाबद्दल बोलतो.

वॉटर मेझमध्ये गढूळ केलेल्या पाण्याखाली एक लपलेला फलाट असतो. भिंतींवरच्या खुणा बघून प्राण्याने त्याची जागा लक्षात ठेवायची. यात पोचायला लागलेला वेळ हे सगळ्यांत सोपं आणि लठ्ठ प्राण्याच्या बाबतीत सगळ्यांत फसवं माप आहे. चरबीमुळे उंदीर आपोआप तरंगतो, मग तो हातपाय मारायचेच थांबवतो. म्हणून पेपर उघडलास की आधी तीन गोष्टी शोध. पोहण्याचा वेग दिला आहे का? वेळेऐवजी कापलेलं अंतर मोजलं आहे का? आणि फलाट उघडा ठेवून, वर झेंडा लावून वेगळी चाचणी घेतली आहे का? उघड्या फलाटाकडे सरळ जाणारा उंदीर लपलेल्याभोवती भरकटत असेल तरच स्मरणशक्तीबद्दल बोलता येतं. शेवटी फलाट काढून घेऊन, उंदीर योग्य चतुर्थांशात किती घुटमळतो हेही बघतात. माझ्या मते ते माप जास्त प्रामाणिक आहे, कारण तिथे कुठे पोचायची घाई नसते.

अजून एक गोष्ट, जी पेपरांत क्वचितच नीट चर्चिली जाते. ओबी उंदराला थंडी सोसत नाही. ४ अंशांच्या खोलीत ठेवला तर काही तासांत दगावतो, इतकं त्याचं शरीर उष्णता राखण्यात कमी पडतं. पाणी थंड असेल तर त्याच्यासाठी ही परीक्षा निरोगी उंदराइतकी सोपी राहत नाही. थंड पाण्यात पोहणं हाच ताण, त्यामुळे कॉर्टिकोस्टेरॉनही तिथेच चढतं. मग आपण नेमकं काय मोजलं?

चक्रव्यूहात खाऊ ठेवून घेतलेल्या चाचण्यांतही हाच पेच आहे. सतत भुकेला प्राणी खाऊसाठी जास्त धडपडतो आणि हुशार ठरतो. मोकळ्या पेटीत लठ्ठ उंदीर कोपऱ्यात बसून राहिला तर तो घाबरलाय की त्याला चालणं जड जातंय, हेही एका आकड्यावरून कळत नाही.

रक्ताच्या नमुन्याची वेळही तपास. रॅट आणि उंदीर निशाचर, त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन अंधार पडायच्या सुमाराला सर्वाधिक असतं, आपलं, म्हणजे माणसाचं, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल पहाटे-सकाळी. पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण तीन मिनिटांत रक्त घेतलं नाही तर जे वाढलेलं दिसतं ते आपल्या हाताळणीमुळे. ज्या पेपरात नमुन्याची वेळच दिलेली नाही, त्याच्या आकड्यांवर मी विसंबणार नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. हो, असा प्रयोग झाला आहे. २००८ मध्ये नेचर न्यूरोसायन्स या नियतकालिकात स्ट्रानाहन आणि सहकाऱ्यांचं काम आलं. त्यांनी दोन वेगळे प्राणी घेतले: लठ्ठ, मधुमेही डीबी उंदीर आणि स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन देऊन मधुमेही केलेले रॅट. त्या रॅटमध्ये इन्सुलिन बनत नाही, ते लठ्ठ नसतात. दोघांतही कॉर्टिकोस्टेरॉन वाढलेलं, दोघांतही हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) नव्या पेशी कमी आणि शिकणं बिघडलेलं. मग अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, जिथे हे संप्रेरक बनतं) काढून कॉर्टिकोस्टेरॉन बाहेरून, सामान्य पातळीला राहील इतकंच दिलं, तेव्हा हे बिघाड भरून आले. साखर आणि इन्सुलिनचा गोंधळ तसाच असताना स्मरणशक्ती सुधारली, म्हणून संप्रेरकाकडे बोट जातं. पण लक्षात घे, दोन्ही प्राण्यांत समान गोष्ट मधुमेह आहे, चरबी नव्हे. सेमिनारमध्ये ‘लठ्ठपणामुळे’ असं म्हणशील तर कोणीतरी हे विचारणारच.

पाणकोंबडी

मी पशुवैद्यक आहे, उंदरांतलं मला फार कळत नाही, फक्त एक भर. कुत्र्यांत हे सगळं जसंच्या तसं लावू नका. कुत्र्यांत मुख्य संप्रेरक कॉर्टिसोल आहे. कॉर्टिसोल अति झालं की (या आजाराला कुशिंग म्हणतात) पोट सुटतं, तहान-लघवी वाढते, केस गळतात. घरचे म्हणतात, फार खातो म्हणून सुटलाय. तिथे संप्रेरक आधी आणि पोट नंतर. उलट काही लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित पीओएमसी जनुकातला एक तुकडा गळालेला असतो, २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलं. असे कुत्रे खाण्यामागे जास्त लागतात आणि जाड होतात. ‘हावरट’ म्हणून रागावण्याआधी मालकांनी हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. दिसायला दोघेही जाड, पण कारणं निराळी.

रानजाई

दोघांचेही खूप आभार. सह्यकडा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या यादीतले पेपर पुन्हा चाळले. काहींत फक्त पोचायचा वेळ आहे, वेगाचा उल्लेखच नाही. ते आता मी वेगळे काढते आहे.

एक शंका राहिली. डीबी आणि झुकरमध्ये लेप्टिनचा संदेशच पोचत नाही. मग स्मरणशक्तीचा बिघाड थेट त्यामुळे नसेल कशावरून? आणि साध्या रॅटला तूप-साखर खाऊ घालून लठ्ठ केलं, तर तिथे काय होतं?

सह्यकडा

लेप्टिनचा थेट हात आहेच. हिप्पोकॅम्पसमध्ये त्याचे रिसेप्टर आहेत आणि २००२ मध्ये झुकर रॅट व डीबी उंदीर दोघांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींमधले दुवे बळकट होण्याची प्रक्रियाच मंदावलेली आढळली. म्हणून जनुकीय प्राण्यांवरून सर्वसाधारण लठ्ठपणाबद्दल बोलताना जपून. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा लठ्ठ रॅट, डब्ल्यूएनआयएन-ओबी, इथे मुद्दाम बघ. त्याच्यात लेप्टिनचं किंवा त्याच्या रिसेप्टरचं जनुक बिघडलेलं नाही, तरी तो लठ्ठ होतो. तुलनेला चांगला.

आहाराबद्दल तुला आश्चर्य वाटेल. चरबी आणि साखर भरपूर असलेलं खाणं सुरू केल्यावर रॅटची जागेची स्मरणशक्ती काही दिवसांतच घसरते, वजन फारसं वाढण्याआधीच. वस्तू ओळखण्याची त्या मानाने टिकते. म्हणजे तिथे चरबी साठायच्या आधीच काहीतरी घडतंय. तुझी साखळी इथे तुटते आणि हा भाग मी तुझ्या जागी असतो तर सगळ्यांत जास्त वेळ देऊन मांडला असता.

आणि उलटा बाण विसरू नकोस. ओबी उंदराच्या किंवा झुकर रॅटच्या अ‍ॅड्रिनल काढल्या की खाणं आणि वजनवाढ दोन्ही मंदावतात, लेप्टिनचा दोष तसाच असूनही. म्हणजे संप्रेरक हा लठ्ठपणाचा केवळ परिणाम नाही, तो खायलाही लावतो. मेरी डालमन यांच्या गटाने २००३ मध्ये मांडलं की दीर्घ ताणात प्राणी चविष्ट, चरबीयुक्त खाण्याकडे वळतो आणि त्या खाण्याने ताणाची प्रतिक्रिया काहीशी दबते. हे मत आहे, शेवटचा शब्द नव्हे, पण वर्तनाचा धागा तुला इथेच सापडेल.

तेव्हा एकच सरळ साखळी न काढता चार बाण काढ: आहाराकडून स्मरणशक्तीकडे, लेप्टिनच्या दोषाकडून स्मरणशक्तीकडे, मधुमेहाकडून संप्रेरकामार्गे स्मरणशक्तीकडे आणि संप्रेरकाकडून खाण्याकडे. प्रत्येक बाणाखाली तो कोणत्या प्राण्यात दिसला ते लिही. हौदाच्या चाचणीवर जिथे सगळं अवलंबून आहे, तिथे वेग मोजला होता की नाही तेही. आकृती झाली की इथे टाक, आठवड्याअखेरीस वाचून सांगतो.