कच्च्या मांसावर आणल्यापासून कुत्र्याचं पोट बिघडलंय. प्रोबायोटिक कोणतं?

शेपटीवाला
कोणीतरी लवकर सांगा. ब्रूनोला कच्च्यावर आणलंय आणि पोट सारखं बिघडतंय. कधी पातळ, कधी नुसता कुंथत बसतो. मी भरपूर वाचलंय, त्यामुळे "कच्चं बंद करा" हा सल्ला नकोय. फक्त प्रोबायोटिकचं नाव हवंय.

मनीमाऊ३
वय? वजन? किती दिवस झाले? रक्त पडतंय का? नुसतं नाव घेऊन काय करणार?

खडीसाखर
लाल भोपळा! शिजवून कुस्करायचा, मीठ, साखर, मसाला काही नाही. मोठ्या कुत्र्याला एक-दोन चमचे. पातळ असेल तर घट्ट करतो, अडकलं असेल तर मोकळं करतो. आमच्याकडे तीन कुत्री आहेत, तिघांनाही हाच उपाय.

शेपटीवाला
लॅब्रॅडॉर आहे, मोठा. रक्त नाही. भोपळ्याला तोंड लावत नाही.

खडीसाखर
खिम्यात कालवून बघा. लॅब्रॅडॉर आणि तोंड लावत नाही?

जुनाखोड
लांडग्यांचं नाव घेऊन हे कच्च्याचं खूळ सुरू झालंय. कुत्रा लांडगा राहिलेला नाही. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, 2013 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं होतं. शिजवून घाला, सुखी व्हा.

रानवाट
स्टार्च पचतो म्हणून मांस पचत नाही, हे कुठून काढलंत? माझी कुत्री सहा वर्षं कच्च्यावर आहे.

जुनाखोड
आणि कच्च्या मांसातला साल्मोनेला जिवाणू? फ्रीझरमध्ये तो मरत नाही, थंडी जाईपर्यंत थांबतो फक्त. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि शीतून घरभर वाटत फिरतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का, हे धागाकर्त्याने सांगितलेलंच नाही.

शेपटीवाला
प्रश्न प्रोबायोटिकचा होता.

गुलबकावली
दातांवर किटण साचू नये म्हणून रोज ब्रश करा. माणसांची पेस्ट वापरू नका. आमच्या बोक्याला मात्र ब्रश दाखवला की कपाटावर जाऊन बसतो, त्यावर काही उपाय?

मनीमाऊ३
बोक्यासाठी वेगळा धागा काढा, प्लीज.

रानवाट
शेपटीवाला, ताटलीत नेमकं काय पडतं ते लिहा. "कच्चं" म्हणजे काय काय?

शेपटीवाला
एक दिवस कोंबडीच्या माना. एक दिवस कलेजी आणि खिमा, निम्मं निम्मं, कारण कलेजी जीव की प्राण आहे. वीस दिवस झाले. आधी सुकं खाणं होतं, ते एका दिवसात बंद केलं. याचा काय संबंध?

रानवाट
अहो, हाच तर संबंध! मानांच्या दुसऱ्या दिवशी कुंथतो ना? शी पांढुरकी, खडूसारखी, दाबली की भुगा? ते जास्त झालेलं हाड. आणि कलेजीच्या दुसऱ्या दिवशी गडद आणि पातळ, बरोबर? पोट एकच आहे, तुम्ही त्याला एक दिवस इकडे ओढताय, एक दिवस तिकडे. हाड एकूण खाण्याच्या दहाव्या भागाएवढं ठेवा, कलेजी विसाव्या. अर्धी कलेजी म्हणजे फार झालं, त्यातलं 'अ' जीवनसत्त्व अंगात साठत जातं. आणि हे सगळं रोज थोडं थोडं, आलटून पालटून नाही. खाणं बदलायला आठ-दहा दिवस द्यायचे असतात, ते तुम्ही दिलेच नाहीत.

जुनाखोड
म्हणजे स्वयंपाकघरात तराजू घेऊन बसा. शिजवलेलंच सोपं.

रानवाट
शिजवलेल्यालाही तराजू लागतोच. आणि शिजवलेलं हाड तर चुकूनही नको, त्याच्या चिरफळ्या होतात.

मनीमाऊ३
गडद शी आणि डांबरासारखी काळी चिकट शी यात फरक आहे. दुसरी असेल तर पोटात रक्त असू शकतं. कुंथण्याबरोबर उलट्या, पोट ताठ, खाण्यावरची वासना गेलेली, यातलं काहीही दिसलं तर धागा वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. एरवीही शीचा नमुना तपासून घ्या, जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) असेल तर भोपळा काही करणार नाही.

आणि हो, प्रोबायोटिक. एन्टेरोकॉकस फेशियम हा उपयोगी जिवाणू असलेली, कुत्र्यांसाठीचीच पावडर डॉक्टरांना विचारून घ्या. माणसांच्या गोळ्या नकोत, काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे. पण ताटली तशीच ठेवून पावडर दिलीत तर पैसे वाया.

शेपटीवाला
(चार दिवसांनी) नमुन्यात काही निघालं नाही. पावडर आणली नाही. कलेजी चिमूटभर केली, माना खिम्यात मोजून घालतोय. काल आणि आज शी बांधलेली. पण ताटलीपाशी बसून माझ्याकडे असा बघतो की मीच गुन्हेगार. कलेजीची ही सवय कशी मोडायची?

खडीसाखर
भोपळा.

मनीमाऊ३
वजन अजून सांगितलेलं नाही तुम्ही.