मदत हवी आहे: महाविद्यालयीन परिसरातील बंदुकांवरील सादरीकरणात कोणती दृश्ये वापरावीत?

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. अमेरिकेतील विद्यापीठांच्या परिसरात बंदूक बाळगण्याचा अधिकार, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे.

टेक्सासमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकांना सरकारी विद्यापीठांच्या इमारतींमध्ये बंदूक लपवून बाळगण्याची मुभा मिळाली. आणि टेक्सासमधल्याच ऑस्टिनच्या विद्यापीठातील मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला नेमक्या त्याच दिवशी ५० वर्षे पूर्ण होत होती, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. खासगी विद्यापीठांना मात्र बंदी कायम ठेवता येते. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात २००७ साली झालेल्या गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला, त्याच घटनेचा दाखला बंदीचे समर्थक आणि विरोधक दोघेही देतात.

हे सारे पडद्यावर कसे मांडावे, हा माझा प्रश्न आहे. मृतांची किंवा रडणाऱ्या नातेवाइकांची छायाचित्रे मला वापरायची नाहीत, कारण त्याने वर्ग हळहळतो, पण कायद्याचा मुद्दा मागे पडतो. हल्लेखोराचा चेहरा तर नकोच. राज्यनिहाय नियमांचा रंगीत नकाशा करावा, तर आमच्या जुन्या प्रोजेक्टरवर फिकट छटा एकसारख्याच दिसतात. त्याऐवजी कालरेषा, किंवा आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाशी तुलना करणारा साधा तक्ता अधिक परिणामकारक ठरेल का? अशा संवेदनशील विषयावर सादरीकरण केलेल्या किंवा त्याचे परीक्षण केलेल्या सदस्यांनी, विशेषतः प्राध्यापकांनी, कृपया मार्गदर्शन करावे.