बेसबॉलपटूंच्या स्वाक्षऱ्या प्रत्यक्ष भेटून कशा घ्याव्यात?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): वडिलांची क्रिकेटपटूंच्या स्वाक्षऱ्यांची वही मी आजही जिवापाड जपतो. येत्या मार्चमध्ये लेकीकडे अ‍ॅरिझोनातील फिनिक्स येथे जाणार असून, तेथे बेसबॉलच्या चेंडूवर खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या घेण्याची मनापासून इच्छा आहे. कोठे उभे राहावे आणि कोणते पेन न्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (कराड): काका, आपण अगदी योग्य वेळी जात आहात. मेजर लीग या बेसबॉलच्या प्रमुख साखळी स्पर्धेतील 30 संघांपैकी 15 संघ हंगामापूर्वीचा सराव अ‍ॅरिझोनात आणि उरलेले 15 फ्लोरिडात करतात. ही मैदाने लहान असल्याने खेळाडू कठड्याजवळ येतात. दरवाजे उघडताच आत जावे. पेन मात्र साधे निळे बॉलपेनच न्यावे, कारण मार्करची शाई चामड्यावर हळूहळू पसरते आणि अक्षर बिघडते. दोन शिवणी जेथे सर्वांत जवळ येतात, ती अरुंद जागा समोर धरून चेंडू द्यावा. एकाच खेळाडूची स्वाक्षरी तेथेच शोभते.

उत्तर (सातारा): शाई वाळेपर्यंत चेंडूला हात लावू नये, आणि घरी तो उन्हापासून दूर ठेवावा. खेळाडूला आडनावाने आदरपूर्वक हाक मारावी आणि एकच वस्तू पुढे करावी. शेजारी लहान मूल असेल तर त्याला आधी पुढे जाऊ द्यावे, असे मला फार वाटते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. स्वाक्षरी कोणाची व कोणत्या तारखेची, हे वडिलांप्रमाणेच त्याच दिवशी वहीत लिहून ठेवीन.